‘कापडी’ दिसणारी पिशवी खरंच कापडाची असते का? नॉनवोव्हनमागचं तंत्र, नवे पॉलिमर आणि नियम

भाजीवाला पिशवी पुढे करतो. प्लास्टिकची आहे का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : “नाही हो, कापडी आहे.” हाताला ती कापडासारखी लागते, चुरगळली तरी प्लास्टिकसारखी कुरकुर करत नाही, रंग हिरवा आणि वर ‘पर्यावरण वाचवा’ असं छापलेलंही असतं. हीच पिशवी गॅलरीतल्या उन्हात सहा-आठ महिने टांगून ठेवली, तर मात्र एक दिवस हात लावताच तिचा भुगा होतो. सुती कापडाचं असं होत नाही.

कारण ही पिशवी प्लास्टिकचीच असते. तिचं तांत्रिक नाव नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेलं कापड. मास्क, डायपर, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, दवाखान्यातले गाऊन, गालिच्याचं अस्तर, रस्त्याच्या डांबराखाली अंथरली जाणारी जाड चादर, या सगळ्यांत हेच कापड असतं. आता त्यासाठी उसापासून, मक्यापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून तयार केलेली नवी द्रव्यं येत आहेत. त्यामुळे कचऱ्याचा प्रश्न सुटेल का? हे समजण्यासाठी आधी हे कापड तयार कसं होतं ते पाहायला हवं.

नॉनवोव्हन म्हणजे नेमकं काय?

साध्या कापडात आधी तंतूंचं सूत काततात, मग मागावर उभ्या-आडव्या धाग्यांची वीण घालतात. नॉनवोव्हनमध्ये सूतही नाही आणि मागही नाही. तंतू चादरीसारखे पसरायचे आणि उष्णतेने, पाण्याच्या माऱ्याने, सुयांनी टोचून किंवा डिंकासारख्या रसायनाने एकमेकांत अडकवायचे, एवढंच.

कल्पना जुनीच आहे. घोंगडी मागावर विणतात, पण बुरणूस लोकर दाबून, घोटून तयार करतात. काश्मीरचा नमदाही तसाच. फरक इतकाच की बुरणुसात लोकर होती आणि आजच्या नॉनवोव्हनमध्ये बहुतेक वेळा पेट्रोलियमपासून तयार झालेलं पॉलिमर असतं.

पिशवी ओळखण्याची खूण इथेच सापडते. सुती कापड डोळ्यांजवळ धरलं तर उभे-आडवे धागे दिसतात आणि कडेचा एक धागा ओढून काढता येतो. ‘कापडी’ म्हणून मिळणाऱ्या पिशवीवर धागे दिसत नाहीत, त्याऐवजी बारीक ठिपक्यांची नक्षी असते. ती शोभेसाठी नसून तंतू वितळवून जोडल्याच्या खुणा असतात.

पिशवीचं कापड कसं तयार होतं?

या पद्धतीला स्पनबॉन्ड म्हणतात. पॉलिप्रोपिलीन, म्हणजे पीपी या प्लास्टिकचे दाणे सुमारे २३० अंश सेल्सिअसला वितळवतात. तो रस हजारो बारीक भोकं असलेल्या पट्टीतून दाबून बाहेर काढतात. शेवेचा सोऱ्या आठवावा, फक्त भोकं केसासारखी बारीक. बाहेर पडणाऱ्या तारा थंड हवेच्या झोताने ओढून आणखी बारीक केल्या जातात आणि सरकत्या जाळीवर पसरतात. मग ही चादर दोन तापलेल्या रुळांमधून जाते. एका रुळावर उंचवटे असतात. जिथे उंचवटा टेकतो तिथे तारा वितळून एकमेकींना चिकटतात. तेच ते ठिपके.

एका टोकाला दाणे ओतले की दुसऱ्या टोकाला कापडाचा तागा तयार. कातणं नाही, विणणं नाही, धुणं नाही. पुढे पिशवीसुद्धा शिवली जात नाही. ध्वनिलहरींच्या कंपनाने कडा तापवून जोडतात, म्हणून तिच्या शिवणीत दोरा नसतो. ही पिशवी इतकी स्वस्त का, याचं उत्तर या वेगात आहे.

मास्क आणि वाइप्समध्ये वेगळं काय?

मास्कच्या मधल्या थराची पद्धत वेगळी आहे. तिला मेल्टब्लोन म्हणतात. इथे वितळलेल्या रसावर गरम हवेचा जोरदार झोत मारतात. जत्रेत म्हातारीचे केस तयार होतात तसे अतिशय बारीक तंतू उडून जाळीवर जमतात. त्यांची जाडी साधारण १ ते ५ मायक्रॉन असते, तर माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. या पद्धतीचा पाया १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत घातला गेला. वातावरणातले किरणोत्सारी कण गोळा करण्यासाठी तिथे बारीक तंतूंचे फिल्टर हवे होते.

या तंतूंवर स्थिर विद्युतभार बसवला की ते कण स्वतःकडे खेचून घेतात. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचे पीटर त्साय यांनी १९९०च्या दशकात विकसित केलेलं तंत्र पुढे एन-९५ मास्कमध्ये वापरलं गेलं. साबणाने किंवा सॅनिटायझरने धुतल्यावर असा मास्क निकामी का होतो, तेही यातून कळतं. कापड फाटत नाही, पण त्यावरचा भार जातो. कोविडच्या सुरुवातीला अडचण आली ती याच कापडाची. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने मास्कबरोबर त्यासाठी लागणाऱ्या कापडाच्या निर्यातीवरही बंदी घातली होती.

ओल्या वाइप्सचं कापड बहुतेकदा स्पनलेस पद्धतीचं असतं. पिंजलेल्या तंतूंच्या चादरीवर पाण्याच्या सुईसारख्या बारीक धारा प्रचंड दाबाने मारतात आणि तंतू एकमेकांत गुंततात. या पद्धतीत प्लास्टिक वितळवावं लागत नाही, त्यामुळे कापूस किंवा व्हिस्कोजही चालतं. बाजारातल्या बऱ्याच वाइप्समध्ये मात्र व्हिस्कोजबरोबर पॉलिस्टर मिसळलेलं असतं. हाताला सगळंच ‘टिश्यू’ वाटतं आणि मग ते कमोडमध्ये टाकलं जातं. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी हॅमरस्मिथजवळ अशा वाइप्सचं चक्क बेट तयार झालं होतं. ब्रिटनने प्लास्टिक असलेल्या वाइप्सच्या विक्रीवर बंदीचा मार्ग धरला त्यामागे हेच कारण आहे.

मग सगळीकडे पीपीच का?

पीपी स्वस्त आहे आणि सुमारे १६० अंशांना वितळतं, म्हणून चिकटवायला सोपं. पाणी शोषत नाही. आणि हलकं आहे. त्याची घनता ०.९१ च्या आसपास, तर पॉलिस्टरची सुमारे १.३८. म्हणजे तेवढ्याच जाडीच्या तारा काढल्या तर एक किलो पीपीत पॉलिस्टरपेक्षा सुमारे दीडपट कापड निघतं. कारखानदाराचं गणित इथेच सुटतं.

कचऱ्याचं गणित मात्र इथेच बिघडतं. पीपी मातीत कुजत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि पिशवीचा भुगा होतो, पण भुगा होणं आणि कुजणं वेगळं. तो भुगा सूक्ष्म प्लास्टिकच असतो, फक्त आता तो उचलता येत नाही. साध्या प्लास्टिकची पिशवी निदान उचलून भंगारात देता येते. ठिसूळ झालेली नॉनवोव्हन पिशवी हातातच तुटते.

कायदा काय सांगतो?

२६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरानंतर नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांची चर्चा झाली आणि राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी लागू केली, तेव्हा नॉनवोव्हन पीपी पिशव्यांचाही त्यात समावेश होता. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद होती. म्हणजे ‘ही कापडी आहे’ हा बचाव तेव्हाही कायद्याला मान्य नव्हता.

पुढे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये प्लास्टिक कचरा नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमपेक्षा कमी वजनाच्या नॉनवोव्हन प्लास्टिक पिशव्यांना मनाई झाली. साध्या प्लास्टिक पिशवीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, मग इथे जीएसएम का? कारण हे कापड सच्छिद्र असतं, दाबलं की चपटं होतं आणि जाडी नीट मोजता येत नाही. म्हणून एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, हे पाहतात. जीएसएम म्हणजे तेच.

६० जीएसएम घरी कसं तपासायचं?

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा आणि मोजपट्टी पुरते. समजा पिशवी ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. दोन बाजू धरल्या तर कापड होतं ०.२४ चौरस मीटर. ६० जीएसएमच्या हिशेबाने तिचं वजन किमान साडेचौदा ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, बंद आणि दुमड धरून त्याहून थोडं जास्तच. काटा आठ ग्रॅम दाखवत असेल तर ते कापड ३३ जीएसएमचं, म्हणजे नियमात न बसणारं. बंदाच्या जागी नुसती भोकं पाडलेल्या, प्रकाशाकडे धरल्या की आरपार दिसणाऱ्या पातळ पिशव्या बहुधा या दुसऱ्या गटात सापडतात.

वजनाची अट घालण्यामागचा विचार सरळ आहे. जड पिशवी टिकते, लोक ती पुन्हा वापरतात आणि दुकानदाराला ती फुकट वाटणं परवडत नाही. पण जड पिशवीही एकदाच वापरून फेकली, तर कचऱ्यात उलट जास्त प्लास्टिक जातं.

नवे पॉलिमर कोणते?

सगळ्यात जास्त चर्चा पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडची आहे. दह्याला आंबटपणा देणारं लॅक्टिक ॲसिड हाच त्याचा कच्चा माल. मका किंवा उसातली साखर जिवाणूंकडून आंबवून हे आम्ल तयार करतात आणि त्याचे रेणू जोडून पॉलिमर. ते वितळतं आणि त्याच्या तारा निघतात, म्हणून स्पनबॉन्ड यंत्रांवर काही बदल करून ते चालवता येतं. नवा कारखाना मुळापासून उभारावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

अडचणीही आहेत. वितळवण्याआधी पीएलएचे दाणे कडकडीत वाळवावे लागतात, ओलावा राहिला तर उष्णतेत साखळ्या तुटून तारा कमकुवत होतात. कापड पीपीपेक्षा कडक आणि ठिसूळ होतं, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि महाग असतं. त्यावर उपाय म्हणून दोन द्रव्यांचा एकच तंतू काढतात : आतला गाभा एकाचा, बाहेरचं कवच दुसऱ्याचं. डायपरचा मऊ थर असा पूर्वीपासून तयार होतो. त्यात गाभा पीपीचा आणि कवच पॉलिथिनचं असतं.

दुसरं नाव पीएचए. ठरावीक जिवाणू आपल्या पेशीत चरबीसारखं साठवतात ते हे पॉलिमर. मातीतच नव्हे, समुद्राच्या पाण्यातही ते कुजू शकतं, ही त्याची खासियत. पण ते बनवणं फार खर्चिक आहे. या क्षेत्रातली अमेरिकेची नामवंत कंपनी डॅनिमर सायंटिफिक मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. चांगलं द्रव्य सापडणं आणि ते स्वस्त प्लास्टिकशी स्पर्धा करून टिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा गट लाकडाच्या लगद्यापासून मिळणाऱ्या व्हिस्कोज आणि लायोसेलचा. हे वनस्पतीतलं सेल्युलोजच विरघळवून पुन्हा तंतूच्या रूपात काढलेलं असतं. लायोसेलमध्ये द्रावक जवळजवळ पूर्ण परत मिळवून पुन्हा वापरता येतो. वाइप्ससाठी पॉलिस्टरऐवजी फक्त सेल्युलोजचं कापड वापरण्याकडे जगभर कल वाढतो आहे.

यातलं प्लास्टिक कशाला म्हणायचं, यावर युरोपीय संघाने स्पष्ट भूमिका घेतली आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकविषयीच्या २०१९ च्या कायद्यानुसार जुलै २०२१ पासून तिथे प्लास्टिक असलेल्या वाइप्स आणि सॅनिटरी पॅडच्या पाकिटावर कासवाचं चित्र आणि ‘यात प्लास्टिक आहे’ अशी ओळ छापावी लागते. व्हिस्कोज आणि लायोसेलला त्यातून सूट आहे. पीएलए आणि पीएचए मात्र वनस्पतीपासून किंवा जिवाणूंपासून आलेले असूनही प्लास्टिकच धरले जातात.

वनस्पतीपासून आलेलं म्हणजे कुजणारच ना?

सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. एखादं पॉलिमर कशापासून तयार झालं हा एक प्रश्न आणि ते शेवटी कुठे कुजतं हा दुसरा. पीएलए औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात कुजतं. तिथे साधारण ५८ ते ६० अंश तापमान, ओलावा आणि जिवाणू सतत राखलेले असतात. घरच्या कुंडीत, नाल्यात किंवा कचरा डेपोत ही परिस्थिती नसते. तिथे पीएलएची पिशवीही दीर्घकाळ जशीच्या तशी पडून राहू शकते. पीपीच्या ढिगात मिसळली तर पुनर्वापराचा मालही बिघडवते.

म्हणूनच मार्च २०२४ मध्ये केंद्राने नियमात ‘जैवविघटनशील प्लास्टिक’ची व्याख्या कडक केली : विघटन झाल्यावर सूक्ष्म प्लास्टिक मागे राहता कामा नये. ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकायचं तर उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पिशवीवर फक्त हिरवं पान छापून भागत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न : पॅड आणि डायपर

पिशवी निदान धुऊन पुन्हा वापरता येते. सॅनिटरी पॅड आणि डायपरचं तसं नाही. त्यात वरचा थर नॉनवोव्हनचा, आत लगदा आणि ओल शोषणारे पॉलिमरचे कण, खाली पॉलिथिनचा पापुद्रा, हे सगळं एकत्र चिकटवलेलं आणि वापरानंतर घाण झालेलं असतं. शहरांत ते वेगळं कोण करतं? कचरावेचक, आणि त्यात स्त्रियांची संख्या मोठी. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांनी २०१३ मध्ये वापरलेले पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले होते. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची मोहीमही पुण्यातच रुजली, ती अशा कचऱ्याला नकळत हात लागू नये म्हणून. पुण्यातल्याच पॅडकेअर या स्टार्टअपने पॅड निर्जंतुक करून लगदा आणि प्लास्टिक वेगळं काढायचं तंत्र उभं केलं आहे.

इथे नव्या पॉलिमरची मर्यादा दिसते. वरचा थर पीएलएचा केला तरी ओल शोषणारे कण सहसा पेट्रोलियमचेच राहतात. आणि सगळा पॅड कुजणारा केला तरी तो वेगळा गोळा करून कुजवणारी व्यवस्था लागतेच. ती नसेल तर महागडा पॅडही त्याच कचरावेचक बाईच्या हातातून जाऊन त्याच डेपोत पोचतो.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

यंत्रमागांचं गाव असलेल्या इचलकरंजीत डीकेटीई संस्थेमध्ये नॉनवोव्हनचं राष्ट्रीय पातळीवरचं उत्कृष्टता केंद्र आहे. मागाशिवायच्या कापडाचा अभ्यास मागांच्या गावात होतो आहे. केंद्राने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केलं, त्याच्या कक्षेत हे क्षेत्रही येतं.

कच्च्या मालाकडून पाहिलं तर ऊस महत्त्वाचा ठरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी इथे बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथे साखरेपासून पीएलएपर्यंतची प्रक्रिया छोट्या प्रमाणावर करून पाहता येते. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या कुंभी इथे बलरामपूर चिनी मिल्स वर्षाला सुमारे ८० हजार टन क्षमतेचा पीएलए प्रकल्प उभारत आहे. असे प्रकल्प चालले तर साखर कारखान्यांना साखर आणि इथेनॉलनंतर तिसरी वाट मिळू शकते. पण ऊस पाणी पितो, आणि मराठवाड्यातल्या टंचाईच्या गावांना त्याची किंमत माहीत आहे. प्लास्टिक वनस्पतीचं केलं की पर्यावरणाचा सगळा हिशेब चुकता झाला, असं म्हणता येत नाही.

मग पिशवी कोणती घ्यायची?

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवामानावरच्या परिणामाचा हिशेब मांडला होता. एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत नॉनवोव्हन पीपी पिशवी फायद्याची ठरायला ती किमान ११ वेळा वापरावी लागते आणि सुती पिशवी १३१ वेळा. कापूस पिकवायला लागणारं पाणी, खत आणि प्रक्रिया यांमुळे हा आकडा एवढा मोठा आहे. अर्थात या हिशेबात पिशवी नाल्यात तुंबणं किंवा तिचा भुगा मातीत मिसळणं धरलेलं नाही. तिथे सुती पिशवी सरस ठरते.

याचा अर्थ असा की दर वेळी नवी सुती पिशवी विकत घेणं हाही उपाय नाही. जुन्या साडीची किंवा चादरीची घरी शिवलेली पिशवी सगळ्यांत उत्तम, कारण तिचं कापड आधीच तयार होऊन वापरलं गेलेलं असतं. घरात नॉनवोव्हन पिशव्या साठल्या असतील तर त्या फेकण्यापेक्षा फाटेपर्यंत वापरणं बरं. फक्त त्या उन्हात टांगू नयेत, आणि ठिसूळ व्हायला लागल्या की भुगा होण्याआधी सुक्या कचऱ्यात द्याव्यात.

नवे पॉलिमर येतील आणि हळूहळू स्वस्तही होतील. पण त्यांचा उपयोग व्हायचा तर त्यांना वेगळं गोळा करणारी आणि कुजवणारी व्यवस्था शहरात हवी, आणि पिशवीवर, पाकिटावर ती कशाची आहे हे मराठीत स्पष्ट छापलेलं हवं. तोवर भाजीवाल्याने ‘कापडी आहे’ म्हटलं, तर पिशवी उजेडाकडे धरून पाहावी. धागे दिसले तर कापड. ठिपके दिसले तर प्लास्टिक.